साडेसहा

सप्टेंबर लागला तरी सोहारची हवा
अंगावरच वाळत घातलेल्या ओल्या पंचासारखी.
प्लांटवर माझं काम रीडिंग घ्यायचं.
दर दोन तासांनी दाब, तापमान, खारटपणा,
आकडा वहीत, आकड्यापुढे सही.
त्याच वहीच्या मागच्या पानावरून उलटं
दुसरं रीडिंग लिहीत आलोय जानेवारीपासून.
काल रात्री बेरीज केली:
साडेसहा पुस्तकं.

पहिलं आलं नेनेबाईंच्या बॅगेतून,
पानापानाला मेतकुटाचा वास.
वजन भरलं म्हणून दुसरं त्यांनी विमानतळावरच काढलं,
सोडायला आलेल्या भावाच्या हातात दिलं.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
सव्वादोनशे पानांचं असेल, असं उगाच वाटतं,
आणि निळ्या पुठ्ठ्याचं.

फेब्रुवारीत हवा बरी होती. कॉर्निशच्या बाकावर बसून
एका गिर्यारोहक बाईंचं आत्मकथन संपवलं,
समोर मासळीबाजाराचं छप्पर, पायाशी मांजर.
बर्फात त्यांची दोन बोटं गेली, त्या पानावर
मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता.
कवितांचं एक बारकं पुस्तक चारदा वाचलं,
वहीत एकदाच धरलं. ऑडिटची सवय.
मधमाश्यांवरचं एक. मधुमेहावरचं एक,
ते बायकोनं पाठवलं, वाचावंच लागलं.
आणि एक इतकं वाईट
की रागानं एका शिफ्टमध्ये उडवलं.
सगळ्यात जाड होतं ते मात्र एसीखाली आहे,
गळक्या ट्रेची एक बाजू उचलून धरतंय.

राहिलं अर्धं.

हिदायत पारकर, खोली चौदा, बंदरातल्या टगवर तांडेल.
गाव हर्णै. चौथीपर्यंत उर्दू शाळा,
मराठी जिभेवर, तिचं अक्षर डोळ्यांना परकं.
"मोठ्यानं वाच की," म्हणाले, "एकटाच काय गिळतोस?"
म्हणून मार्चपासून रोज, जेवणाची ताटं विसळून झाली
की खाडीकाठच्या एका घराची कादंबरी.
एकसष्टाव्या पानावर त्यांनी हात वर केला:
"थांब. अमावास्येच्या ओहोटीला
होडी त्या धक्क्याला लागणारच नाही.
लिहिणाऱ्यानं खाडी पुलावरनं बघितलीय."
मी लेखकाची बाजू घेतली. हरलो.
मग रोज दोन-तीन पानं आणि तितकीच त्यांची दुरुस्ती,
मी समासात पेन्सिलीनं उतरवून घ्यायचो:
वारा कुठला, पाणी किती, जाळं कुणाचं.

जूनमध्ये त्यांचा करार संपला.
आम्ही एकशे अठ्ठेचाळीसवर होतो.
धाकटा मुलगा होडी घेऊन गेलाय,
आई कंदिलाची काच पुसतेय.
खूण म्हणून त्यांनी बंदराचा जुना गेटपास आत ठेवला,
फोटोत केस काळेभोर.

जुलैत फोन आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट.
"माझ्या हिशेबानं पोरगा परत येत नाही.
तुझ्या पुस्तकात काय होतं ते सांगू नको.
सुट्टीवर आलास की बघू."
माझी सुट्टी मार्चात.

शंभर लिटर समुद्र आत घेतला
की चाळीसएक लिटर गोडं पाणी निघतं,
बाकीचं परत समुद्रात. हा उतारा मला पाठ आहे.
पुस्तकांचा बसवता येत नाही.
मधमाश्यांतलं आता एक वाक्यही आठवत नाही,
आणि न वाचलेली शंभरेक पानं
पंपांच्या आवाजात रात्रभर चालू असतात.

परवा एकशे एकोणपन्नास उघडलंच.
पहिल्या ओळीत 'पाणी' एवढंच दिसलं.
मिटलं.

दोन वाजले. चला,
खारटपणा बघायला हवा.